लाकडी खिडकीची निवड, निगा आणि जीर्णोद्धार : महाराष्ट्रातील निवासी वास्तूंच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वास्तूचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने तट, बुरूज, शिखरे, कमानी आणि शिलालेख यांकडे जाते. ज्या घटकांशी घरात राहणाऱ्या माणसाचा रोजचा संबंध येतो, ते घटक मात्र इतिहासलेखनात तुलनेने उपेक्षित राहतात. खिडकी हा असाच एक उपेक्षित घटक आहे. ती दिवसातून अनेकदा उघडली व मिटली जाते. ऊन, वारा, पाऊस, धूळ आणि परक्याची नजर या सर्वांचा पहिला आघात ती सोसते. त्यामुळे घराच्या सर्व लाकडी भागांत सर्वाधिक झीज तिचीच होते आणि सर्वाधिक दुरुस्तीही तिलाच लागते.

पुणे, नाशिक, सातारा, वाई, कोल्हापूर यांसारख्या शहरांतील जुने वाडे गेल्या काही दशकांत मोठ्या प्रमाणावर पाडले गेले. वाडा पाडताना त्याची माती आणि विटा ढिगाऱ्यात जातात. परंतु सागवानी चौकटी, झडपा व खांब वखारीत जातात. तेथून ती खिडकी कधी उपाहारगृहाची शोभा बनते, तर कधी एखाद्या सदनिकेत आरशाची चौकट होऊन भिंतीवर लटकते. घर नष्ट झाले तरी त्याची खिडकी सुस्थितीत उरते, ही बाब विचार करण्याजोगी आहे. जे लाकूड आणखी शंभर वर्षे टिकू शकते, ते ‘जुने’ आणि ‘टाकाऊ’ कसे ठरले, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. महाराष्ट्रातील निवासी वास्तूंमध्ये लाकडी खिडकीची निवड कोणत्या कारणांनी होत गेली, याचा ऐतिहासिक मागोवा घेणे.
२. लाकडी खिडकी टिकवणारी दुरुस्तीची व्यवस्था आणि तिच्या विघटनाची कारणे यांचा शोध घेणे.
३. जुन्या खिडक्यांचा जीर्णोद्धार आणि नव्या घरांसाठी लाकडी खिडकीची निवड यांसाठी या इतिहासातून कोणती तत्त्वे मिळतात, हे पाहणे.

शब्द आणि वस्तू

खिडकीसाठी मराठीत असलेले शब्द या वस्तूच्या इतिहासाचे थर दाखवतात. ‘गवाक्ष’ या संस्कृत शब्दाचा अर्थ गाईचा वा बैलाचा डोळा असा होतो आणि त्यातून खिडकीच्या गोलसर आकाराचा बोध होतो. ‘तावदान’ हा शब्द फारसीतून आला आणि पुढे काच बसवलेल्या भागासाठी रूढ झाला. गोव्यात व दक्षिण कोकणात वापरला जाणारा ‘जनेल’ हा शब्द पोर्तुगीज ‘जानेला’पासून आलेला आहे. चौकट, झडप, गज, बिजागरी, कडी, कोयंडा, अडसर ही शब्दावली पाहिली असता एक गोष्ट स्पष्ट होते. जुन्या काळी खिडकी ही एकसंध वस्तू नसून अनेक सुट्या भागांची जुळणी होती. प्रत्येक भागाला स्वतंत्र नाव होते, म्हणजेच प्रत्येक भाग स्वतंत्रपणे काढता, दुरुस्त करता व बदलता येत होता. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

प्राचीन पुरावा : कार्ले आणि भाजे

महाराष्ट्रातील लाकूडकामाचा सर्वांत बोलका प्राचीन पुरावा दगडात सापडतो, हा एक विरोधाभासच म्हणावा लागेल. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील भाजे आणि इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील कार्ले येथील चैत्यगृहे लाकडी इमारतींची दगडातील प्रतिकृती आहेत. दोन्ही ठिकाणी दर्शनी भागावरील नालाकृती चैत्यगवाक्ष हीच वास्तूची मुख्य खिडकी असून आतील प्रकाशाची योजना तिच्यावर अवलंबून आहे. कार्ले येथील छताच्या कमानीला लावलेल्या सागवानी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. याउलट भाजे येथील चैत्यगृहाचा दर्शनी भाग लाकडाचा होता. तो पूर्णपणे नष्ट झाला आहे. तेथे आज केवळ लाकूड अडकवण्यासाठी दगडात खोदलेल्या खाचा दिसतात.

आत असलेले, पावसापासून सुरक्षित राहिलेले लाकूड दोन हजार वर्षे टिकले आणि उघड्यावर असलेले गेले, एवढाच या पुराव्याचा अर्थ आहे. परंतु तो मूलभूत आहे. लाकडाचे आयुष्य केवळ त्याच्या जातीवर ठरत नाही. पाणी त्याच्यावर किती काळ थांबते, यावर ते अधिक ठरते.

कार्ले येथील लेखांमध्ये दानकर्त्यांच्या नावांबरोबर धेनुकाकट येथील सामी नावाच्या, वेणुवासाच्या पुत्राचा उल्लेख येतो. तो व्यवसायाने ‘वढकी’ म्हणजे सुतार होता आणि लेणीच्या द्वाराच्या कामाशी त्याचे नाव जोडलेले आहे. बहुतांश कारागीर अनाम राहिलेल्या आपल्या इतिहासात एका सुताराचे नाव दगडावर कोरले जावे, ही घटना लक्षणीय आहे. दगडी वास्तू उभारतानाही सुताराचे ज्ञान केंद्रस्थानी होते, असे त्यावरून दिसते.

मराठेशाहीतील वाडा आणि खिडकीची निवड

अठराव्या शतकात पुण्याचा विस्तार झाला आणि वाडा हा गृहप्रकार स्थिरावला. शनिवारवाड्याचे काम १० जानेवारी १७३० रोजी सुरू झाले आणि २२ जानेवारी १७३२ रोजी त्याची वास्तुशांत झाली. त्यासाठी साग जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीच्या पट्ट्यातून आणल्याचे सांगितले जाते. या तपशिलातून त्या काळातील निवडीचे तत्त्व दिसते. साहित्य जवळच्या टापूतून येत होते आणि ते हाताळणारा कारागीरही त्याच टापूतील होता.

वाड्याच्या खिडकीची रचना जीवनपद्धतीशी निगडित होती. तळमजल्याच्या बाहेरील जाड भिंतींत उघडझाप करता येणारे भाग कमी असत. संरक्षण आणि एकांत हे त्यामागील हेतू होते. प्रकाश आणि हवा चौकातून मिळत असे. वरच्या मजल्यावर मात्र रस्त्याच्या बाजूला खिडक्यांची रांग, सज्जा आणि कोरीव महिरपी असत. अनेक वाड्यांत खिडकीचा खालचा काठ जमिनीपासून फार उंच नसे, कारण बैठक जमिनीवर होती. गादी-तक्क्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर रस्ता दिसावा आणि वारा त्याच्या अंगावर यावा, असा त्यामागील हिशेब होता. पुढे घरात खुर्ची आली आणि खिडकीचा काठ वर सरकला. खिडकीची उंची ही अशा रीतीने सामाजिक इतिहासाची एक नोंद ठरते.

लाकडाच्या उपलब्धतेबाबत राज्यकर्ते सजग होते, याचा पुरावा रामचंद्रपंत अमात्य यांच्या ‘आज्ञापत्रा’त मिळतो. १७१५ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या या ग्रंथात आरमारासाठी लागणारे सागासारखे लाकूड परवानगीने तोडावे आणि आंबा, फणस यांसारखी रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेली झाडे तिच्या संमतीशिवाय तोडू नयेत, असा निर्देश आहे. साग हे राज्याचे आणि फणस हे रयतेचे लाकूड, असा भेद त्यातून सूचित होतो. कोकणातील सामान्य घरांच्या दारा-खिडक्यांत फणसाचे पिवळसर लाकूड मोठ्या प्रमाणावर दिसते, त्याची पार्श्वभूमीही यात शोधता येईल.

या काळाचे गुणगान करताना एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. शनिवारवाडा फेब्रुवारी १८२८ च्या आगीत भस्मसात झाला. दगडी तट आणि जोती तेवढी उरली. १८०७ च्या सुमारास पूर्ण झालेल्या विश्रामबागवाड्याचाही काही भाग १८७९ च्या आगीत जळाला. लाकडी वास्तूला आगीचा धोका असतो, ही बाब नाकारता येत नाही. तथापि विश्रामबागवाडा आज उभा आहे आणि त्याचा कोरीव लाकडी दर्शनी भाग पुण्याची ओळख बनला आहे. १८२१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि नंतर नगरपालिकेसह विविध संस्थांनी या वास्तूचा उपयोग केला. वापरात राहिलेल्या वास्तूची दुरुस्ती होत राहते, हे सूत्र येथे लागू पडते.

दुरुस्तीची व्यवस्था : सुतार आणि घर

लाकडी खिडकी दीर्घकाळ टिकण्याचे कारण शोधताना सागाच्या गुणधर्मांचा उल्लेख नेहमी होतो आणि तो योग्यही आहे. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तैलद्रव्ये असतात, त्यामुळे वाळवी आणि बुरशी यांना तो चांगला प्रतिकार करतो. ऋतुमानानुसार त्याचे आकुंचन-प्रसरणही तुलनेने कमी असते. परंतु केवळ गुणधर्मांनी खिडकी टिकत नाही. झडपेचा खालचा आडवा तुकडा पावसाने कुजतो, बिजागरीचे खिळे गंजतात, चौकट हलते. या गोष्टी वेळच्या वेळी पाहणारा माणूस लागतो.

ग्रामव्यवस्थेत हा माणूस म्हणजे बारा बलुतेदारांपैकी सुतार. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांच्या कामांचे व हक्कांचे तपशीलवार वर्णन आढळते. सुताराला बलुत्यापोटी धान्य मिळे आणि त्याने मुख्यतः शेतीची अवजारे दुरुस्त करावीत, अशी अपेक्षा असे. घराचे नवे काम वेगळ्या मोबदल्यावर होई. तथापि गावात कायम असलेला सुतार हीच दुरुस्तीची हमी होती. शहरातील वाड्यांनाही ठरलेला सुतार असे आणि पावसाळ्यापूर्वी कौले चाळण्याबरोबर खिडक्या-दारांची पाहणी होई.

या व्यवस्थेचे आदर्शीकरण मात्र करता येणार नाही. ती जातिबद्ध होती, कारागिराला व्यवसाय बदलण्याचे स्वातंत्र्य देत नव्हती आणि त्याच्या कौशल्याचा मोबदला बहुतेकदा दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून ठेवत होती. तिचे विघटन सामाजिकदृष्ट्या अपरिहार्य आणि इष्ट होते. प्रश्न एवढाच आहे की, ती व्यवस्था मोडल्यानंतर दुरुस्तीचे कार्य करणारी दुसरी, न्याय्य व्यवस्था उभी राहिली का?

वसाहतकाळ : जंगल, प्लेग आणि नवी खिडकी

एकोणिसाव्या शतकात खिडकीच्या इतिहासात तीन बदल झाले. पहिला बदल लाकडाच्या मालकीचा. १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन याची मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली, १८६४ मध्ये देशपातळीवर वनखाते स्थापन झाले आणि १८६५ व १८७८ च्या कायद्यांनी जंगलावर सरकारी नियंत्रण प्रस्थापित केले. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यामुळे शेतकऱ्याच्या झालेल्या कोंडीवर टीका केली आहे. पूर्वी घरासाठी लाकूड जवळच्या रानातून मिळत असे. आता ते बाजारातून विकत घ्यावे लागू लागले. १८६३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन आणि १८८५ चे तिसरे इंग्रज-ब्रह्मी युद्ध यांमुळे ब्रह्मदेशाचा साग मुंबईच्या बाजारपेठेशी घट्ट जोडला गेला. ‘बर्मा टीक’ हा शब्द मराठी घरात प्रतिष्ठेचा झाला तो या साम्राज्यवादी व्यापारातून.

दुसरा बदल रचनेचा. काचेची तावदाने, वरच्या भागातील रंगीत काचा आणि झिलमिलीच्या म्हणजे आडव्या तिरक्या पट्ट्यांच्या झडपा बंगल्यांत व नंतर वाड्यांतही आल्या. झिलमिलीची झडप पाऊस अडवून वारा आत घेते आणि घरातील माणसाला बाहेर न दिसता बाहेरचे पाहू देते. पावसाळी प्रदेशासाठी ती अत्यंत योग्य होती.

तिसरा बदल आरोग्यविचाराचा. १८९६ मध्ये मुंबईत आणि त्यानंतर पुण्यात प्लेग पसरला. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांना रोगाचे मूळ मानले गेले. घरे उघडी करण्याचे उपाय सक्तीने राबवले गेले आणि १८९८ मध्ये मुंबईत सुधार मंडळ स्थापन झाले. याच मंडळाच्या कारकिर्दीत समोरच्या इमारतीची उंची आणि खोलीत येणारा प्रकाश यांचा संबंध जोडणारा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढे आला. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो, हे नंतर सिद्ध झाले. तरीही या साथीमुळे खिडकी हा मालकाच्या आवडीचा विषय न राहता सार्वजनिक नियमनाचा विषय बनली.

गोव्यातील शिंपल्यांची खिडकी : एक तुलना

काच सहज उपलब्ध होण्यापूर्वी लाकडी चौकटीत काय बसवावे, या प्रश्नाचे एक स्थानिक उत्तर गोव्याने दिले. तेथील जुन्या घरांत व चर्चमध्ये लाकडी पट्ट्यांच्या जाळीत पातळ, अर्धपारदर्शक शिंपले सरकवून खिडक्या तयार केल्या जात. प्लॅकुना प्लॅसेंटा या सागरी जीवाचे हे शिंपले प्रखर उन्हाला मऊ करतात आणि पावसाला अडवतात. एखादा शिंपला फुटला तर तेवढाच काढून नवा घालता येतो. पुढे काच स्वस्त झाली आणि ही कला मागे पडली.

२००१ मध्ये या जीवाचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षित यादीत झाला. त्यामुळे अशा खिडकीच्या जीर्णोद्धारासाठी नव्या शिंपल्यांचा मार्ग बंद होऊन जुने शिंपले जपून पुन्हा वापरणे हाच मार्ग प्रशस्त ठरतो. वारसा आणि पर्यावरण यांच्यात विरोध नसून काटकसरीने दोहोंचा मेळ घालता येतो, हे या उदाहरणातून दिसते.

विसाव्या शतकातील विघटन

१९३० च्या दशकात मुंबईच्या मरीन ड्राइव्ह परिसरातील आर्ट डेको इमारतींनी पोलादी चौकटींच्या बारीक, सरळ रेषांच्या खिडक्या रूढ केल्या. ही वास्तुसंपदा २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. लाकडाचा पर्याय शोधण्याची सुरुवात अशी सौंदर्यदृष्टीतून झाली. पुढील घसरण मात्र सौंदर्यदृष्टीतून नव्हे, तर अर्थकारणातून झाली.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूंना संरक्षण देणे हा त्याचा उद्देश न्याय्य होता आणि हजारो कुटुंबांना त्याचा आधार मिळाला. परंतु काळाच्या ओघात भाड्याची रक्कम इतकी नगण्य झाली की, मालकाला दुरुस्तीत स्वारस्य उरले नाही आणि जे घर आपले नाही त्यावर खर्च करण्यास भाडेकरू तयार झाला नाही. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा येईपर्यंत अर्धशतक उलटले होते. वाड्यातील खिडकी या अर्धशतकात कोणाचीच नव्हती. तुटलेल्या झडपेच्या जागी पत्रा ठोकला गेला, गजांच्या आत पुठ्ठा आला, चौकटीवर तैलरंगाचे थर चढत गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून नदीकाठच्या पेठांतील अनेक वाडे कोसळले आणि पुण्याच्या वस्तीचा ओघ नव्या वसाहतींकडे अधिक वेगाने वळला.

त्यानंतरचा आघात धोरणात्मक होता. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने लाकडाला पर्याय शोधण्यावर भर दिला. १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या बांधकामांत लाकूड वापरण्यावर बंदी घातली आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात वृक्षतोडीवर कडक निर्बंध आणले. जंगले वाचवण्यासाठी ही पावले आवश्यक होती. परंतु त्यांचा एक अनपेक्षित परिणाम असा की, सरकारी कामांतून लाकडी खिडकी हद्दपार झाली आणि तिच्याबरोबर ती बनवण्याचे कौशल्यही आकसले. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आणि नंतर यूपीव्हीसी यांनी ती जागा घेतली. २०२० मध्ये ही बंदी उठवण्यात आली. तोपर्यंत सुतारांची एक पिढी खिडकीचा सांधा न करताच मोठी झाली होती.

जीर्णोद्धाराची तत्त्वे

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपल्याकडे सैलपणे वापरला जातो. जुनी खिडकी काढून तशीच दिसणारी नवी बसवणे हे पुनर्निर्माण होय, जीर्णोद्धार नव्हे. १८७७ मध्ये विल्यम मॉरिस यांनी इंग्लंडमध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली, ती अशाच अतिउत्साही नूतनीकरणाला विरोध म्हणून. नित्य निगा हाच खरा उपाय, ही तिची भूमिका होती. १९६४ च्या व्हेनिस सनदेने मूळ साहित्याचा आदर हे तत्त्व मांडले. इंटॅक या संस्थेच्या २००४ च्या सनदेने त्यात भारतीय भर घातली आणि जिवंत कारागिरी व ‘जीर्णोद्धारणम्’ ही संकल्पना हे वारशाचेच अंग मानले. लाकडी वारशाविषयीची आंतरराष्ट्रीय तत्त्वे १९९९ मध्ये स्वीकारली गेली आणि २०१७ मध्ये दिल्लीत भरलेल्या इकोमॉसच्या महासभेत त्यांचे सुधारित रूप मान्य झाले. मूळ लाकूड शक्य तितके राखावे आणि बदलावे लागल्यास त्याच जातीचे लाकूड वापरावे, हा त्यांचा आशय आहे.

ही तत्त्वे प्रत्यक्ष कामात उतरवताना पुढील क्रम उपयुक्त ठरतो. प्रथम पाण्याचा मार्ग शोधावा. फुटलेले कौल, तुंबलेली पन्हळ किंवा भिंतीतील ओल कायम ठेवून केलेली दुरुस्ती टिकत नाही. त्यानंतर प्रत्येक भागाची तपासणी करावी. कूज बहुतेकदा चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांत आणि झडपेच्या तळच्या आडव्या पट्टीत असते. वरचा भाग सहसा ठणठणीत असतो. काढलेल्या भागांवर क्रमांक घालावेत. कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा तुकडा, रेषा जुळवून, तिरक्या सांध्याने जोडावा. कुजलेल्या पोकळीत सिमेंट भरण्याची प्रथा घातक आहे, कारण ते लाकडाबरोबर हलत नाही आणि फटीत पाणी धरून ठेवते. जुने घडीव लोखंडी गज, बिजागऱ्या आणि कोयंडे गंज काढून पुन्हा वापरावेत.

रंगाच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. जुन्या तैलरंगात शिसे असण्याची शक्यता असते. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत नव्वद भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये आले आणि २०१७ मध्ये लागू झाले. त्यामुळे त्यापूर्वीचे थर कोरडे घासून धूळ उडवू नये. ते ओलसर ठेवून काढावेत आणि लहान मुलांना कामाच्या जागेपासून दूर ठेवावे. रंधा मारून लाकूड ‘नवे’ करण्याचा मोहही टाळावा. कोरीव कामाची धार आणि जुन्या हत्यारांच्या खुणा एकदा गेल्या की परत येत नाहीत.

नव्या घरासाठी निवड

जुन्या खिडकीचा इतिहास नव्या घरासाठीही मार्गदर्शक आहे. निवडीचा पहिला निकष दिशा आणि पाऊस हा असावा. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसाच्या माऱ्यात पुरेशा छज्जाशिवाय कोणतेही लाकूड टिकणार नाही. भाजे येथील रिकाम्या खाचा हेच सांगतात. दुसरा निकष लाकडाच्या प्रतीचा. सागाचा गाभा टिकाऊ असतो, परंतु त्याच झाडाचा बाहेरील फिकट भाग वाळवीला लवकर बळी पडतो. कमी वयाच्या झाडांत या फिकट भागाचे प्रमाण अधिक असते. म्हणून केवळ ‘साग’ हे नाव ऐकून खरेदी करू नये. लाकूड योग्य प्रकारे वाळवलेले असावे. वर्तुळांच्या दिशेने होणारे आकुंचन त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असते आणि ओल्या लाकडाची झडप म्हणूनच वाकते. चौकटींसाठी भारतीय मानक ४०२१ आणि झडपांसाठी मानक १००३ उपलब्ध आहेत. महाविद्यालये व शासकीय निवासस्थाने यांच्या निविदांत त्यांचा उल्लेख असावा.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा निकष दुरुस्तीचा. खिडकीचा एखादा भाग खराब झाल्यास तो स्वतंत्रपणे काढता येईल का आणि ते काम स्थानिक सुताराला करता येईल का, हा प्रश्न खरेदीपूर्वी विचारला पाहिजे. बहुमजली इमारतीत झडप आतून काढता येणे विशेष आवश्यक आहे, कारण बाहेरून परांची बांधण्याचा खर्च दुरुस्तीच्या खर्चाहून अधिक होतो. या कसोटीवर यूपीव्हीसी वा ॲल्युमिनियमची खिडकी काही ठिकाणी योग्यही ठरेल. उंच इमारतीत, खाऱ्या वाऱ्यात किंवा गोंगाटाच्या रस्त्यावर तिचे फायदे नाकारता येत नाहीत. परंतु ‘निगा लागत नाही’ हा तिचा गौरव अर्धसत्य आहे. तिचा सुटा भाग बाजारातून नाहीसा झाला की बहुतेकदा संपूर्ण खिडकीच बदलावी लागते.

पाडलेल्या वाड्यांतील सागाचा पुनर्वापर हा चौथा मार्ग आहे. त्यासाठी नवे झाड तोडावे लागत नाही आणि लाकूड दशकानुदशके वाळलेले असते. मात्र हा पर्याय वाडा पाडण्याचे समर्थन ठरू नये. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील कोरीव दारे-खिडक्या अभ्यासकांसाठी अमूल्य आहेत; परंतु संग्रहालयातील खिडकी उघडत नाही आणि तिच्यातून वारा येत नाही. खिडकीचे खरे जतन घरातच होते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, लाकडी खिडकीचे आयुष्य हे लाकडाच्या जातीइतकेच दुरुस्तीच्या नात्यावर अवलंबून होते. घर, मालक आणि कारागीर यांच्यातील हे नाते जातिबद्ध बलुतेदारीतून आले होते. ते त्या रूपात परत आणता येणार नाही आणि आणूही नये. परंतु त्याच्या जागी मोकळ्या, सन्मान्य आणि पुरेशा मोबदल्याच्या व्यवसायाची उभारणी व्हावयास हवी होती, ती पुरेशी झाली नाही. गोठलेली भाडी, लाकडाची टंचाई आणि बदलीचे सोपे साहित्य यांनी ही पोकळी वाढवली.

मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीने वास्तूंची श्रेणीनिहाय नोंद केली आणि भारतात या दिशेने मोठे पाऊल टाकले. तथापि यादीतील नोंद झडप दुरुस्त करू शकत नाही; त्यासाठी हात लागतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील सुतारकामाचा अभ्यासक्रम आणि १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत सुतारांना मिळालेले स्थान या दृष्टीने स्वागतार्ह आहे. त्यात जुन्या खिडकीच्या दुरुस्तीचे स्वतंत्र प्रशिक्षण आले, तर वारसा आणि रोजगार हे दोन्ही हेतू साधतील. इतिहास विभागांनीही आपल्या गावातील वाड्यांच्या खिडक्यांची मोजमापे, लाकडाची जात, सांध्यांचे प्रकार आणि त्या घडवणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या सुतारांची नावे यांची नोंद विद्यार्थ्यांकडून करून घेणे अगत्याचे आहे. कार्ल्याच्या दगडावर सामी सुताराचे नाव राहिले, म्हणून ते आज ज्ञात आहे. पेठांतील वाड्यांच्या खिडक्या ज्यांनी घडवल्या, त्यांची नावे सांगू शकणारी वयोवृद्ध माणसे अद्याप काही गावांत हयात आहेत. ती नोंद याच पिढीत होणे शक्य आहे.